एसएसएल-१ आठ महिने वाजवल्यावर: सिंगल कॉइल पिकअप आणि माझी किलोओमची हाव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू सेमूर डंकन कंपनीच्या एसएसएल-१ या सिंगल कॉइल पिकअप सेटचा आहे, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट या इलेक्ट्रिक गिटारसाठीचा (पिकअप म्हणजे तारांचं हलणं विजेत बदलून ॲम्प्लिफायरकडे, म्हणजे अँपकडे, पाठवणारा भाग, आणि सिंगल कॉइल म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचा), पण त्याच्याआधी मी दोन वेगळे प्रकार लावून काढलेत, त्यामुळे त्यांची रडकथा पण यात येणारच. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी: सेट मस्त आहे, स्ट्रॅट म्हटल्यावर डोक्यात जो आवाज येतो तो देतो, हम करतो (म्हणजे मागे सतत घुंई आवाज), आणि ब्रिज पिकअपला टोन नॉब जोडल्याशिवाय तो पूर्ण कळतच नाही. बाकीच्यांनी निवांत बसा, मोठं झालंय.

तर गिटार साधी, स्ट्रॅट टाइप, तीन सिंगल कॉइल (तारा अडकवतात त्या टोकाजवळचा ब्रिज, गिटारच्या दांड्याजवळचा नेक आणि मधला मिडल) आणि त्यातला कुठला वाजवायचा ते निवडायला पाच पोझिशनचा स्विच. तिच्यात मुळात जे पिकअप आले ते सिरॅमिकवाले. म्हणजे पिकअपवर जे सहा गोल खुंटे दिसतात ना, पोल पीस म्हणतात ते, ते चुंबक नसतात, साधे लोखंडी असतात आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. जुन्या फेंडर पद्धतीत उलटं, ते खुंटेच चुंबक असतात, अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेला धातू. वरून बघून फरक कळत नाही, पिकगार्ड, म्हणजे समोरचं प्लास्टिकचं पान, उघडून पिकअप उलटा केला की लगेच दिसतो. आता सिरॅमिक म्हणजे टाकाऊ असं मला तेव्हा ठाम वाटायचं, कारण सगळे तसंच म्हणतात. या मतावर मी नंतर येतो, तेवढं लक्षात ठेवा.

मला तेव्हा काय खटकत होतं तर ब्रिज पिकअप चिरका वाटायचा आणि नेकचा आवाज जरा झोपलेला. आता यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं, स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी पिकअपची उंची बघितली असती. मी काय केलं, आकडे बघत बसलो. प्रत्येक पिकअपच्या माहितीत लिहिलेलं असतं ना, डीसी रेझिस्टन्स (कॉइलच्या तारेचा विजेला होणारा अडथळा) इतके किलोओम, तर मी ते वाचून मनातल्या मनात शर्यत लावली. हा सहा, तो साडेसहा, हा सात, आणि हा बघा तब्बल बारा! बारा म्हणजे सहाच्या दुप्पट, म्हणजे दुप्पट मजा. घेतला. कंपनीचं नाव घेत नाही कारण पिकअपमध्ये काही खोट नव्हती, खोट माझ्या गणितात होती.

लावला आणि पहिली दहा मिनिटं मी हवेत. काय जाड आवाज, काय दणका, अँपचा आवाज आधीपेक्षा लवकर फाटायला लागला, डिस्टॉर्शनवर तर मजाच. मग क्लीनवर, म्हणजे न फाटलेल्या आवाजावर, आलो आणि उत्साह हळूहळू उतरला. तारेवर पिक पडल्यावर जो 'टण्' असतो, ती काचेसारखी किनार, ती गायब. कॉर्ड वाजवली की सहा तारा सहा ऐकू येण्याऐवजी एक गोळा ऐकू येतोय. वॉल्यूम नॉब मागे घेतला तर साफ व्हायच्या ऐवजी नुसतं मळकट झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन नंबरची पोझिशन, ब्रिज आणि मिडल एकत्र, जिच्यासाठी माणूस स्ट्रॅट घेतो, तिच्यातला तो बदकासारखा 'क्वॅक' पार मेला, कारण तगडा ब्रिज एकीकडे आणि बिचारा जुना मिडल एकीकडे, दोघांचं जमणार कसं. तो क्वॅक दोन पिकअप साधारण बरोबरीचे असले तरच येतो.

आता इथे थोडं शास्त्र सांगतो, कंटाळा आला तर पुढचे दोन पॅरा सोडून द्या. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेची कॉइल. गिटारची तार लोखंडी वंशाची, ती चुंबकाच्या क्षेत्रात हलली की क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये बारीकसा करंट तयार होतो. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये साधारण आठ हजार वेढे, ४२ गेजची तार, जाडी ०.०६ मिलिमीटरच्या जरा वर म्हणजे केसाएवढी. वेढे वाढवले की आउटपुट वाढतं हे खरं, पण घोडं कुठे पेंड खातं बघा, वेढ्यांबरोबर इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइल करते तो विरोध) त्याहून वेगाने वाढतो, साधारण वर्गाच्या पटीत. हा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) मिळून एक रेझोनन्स तयार होतो, एका ठराविक फ्रिक्वेन्सीला आवाजाला एक उंचवटा येतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने कापलं जातं. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स सव्वादोन-अडीच हेन्री, नेहमीच्या केबलबरोबर तो उंचवटा चार हजार हर्ट्झच्या आसपास येतो. तीच झगमग आपण स्ट्रॅटचा आवाज म्हणून ओळखतो. माझ्या त्या बारावाल्याचा उंचवटा सरकून अडीच-तीन हजारावर आला असणार, म्हणजे मधला भाग फुगला आणि वरचं झाकलं गेलं. आणि वरचं एकदा पिकअपमध्येच गेलं की मग अँपचा ट्रेबल कितीही पिळा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. उलट आउटपुट कमी पडत असेल तर एक साधा बूस्ट पेडल लावला की झालं. ही एक गोष्ट मला आधी कुणी कानात ओरडून सांगितली असती तर माझी एक खरेदी वाचली असती.

आणि तो किलोओमचा आकडा तर स्वतःच बेभरवशाचा आहे. तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांना रेझिस्टन्स जास्त येतो, आवाज मोठा होतोच असं नाही. टेलीकास्टर, म्हणजे फेंडरचीच दुसरी गिटार, तिच्या नेक पिकअपमध्ये ४३ गेजची बारीक तार असते, मीटरवर तो स्ट्रॅटपेक्षा मोठा आकडा दाखवतो आणि वाजायला चांगला मऊ, नरम असतो. वर तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाने बदलतो, एका अंशाला साधारण ०.४ टक्के, म्हणजे दहा अंश गरम झालं की सहाचा सव्वासहाच्या जवळ जातो. मी स्वतः एकच पिकअप भर दुपारी आणि पहाटे मोजून बघितलाय, वेगळे आकडे. रिकामटेकडेपणा म्हणा पण त्या दिवसापासून आकड्यांचं भूत उतरलं. एकाच घरातले, एकाच तारेचे, एकाच चुंबकाचे दोन पिकअप असतील तर तुलनेला आकडा चालतो, नाहीतर नाही.

दुसरा घोळ. त्या हॉट, म्हणजे जास्त आउटपुटच्या, ब्रिजबरोबर मी जुना मिडल तसाच ठेवला होता हे वर आलंच. लावल्यावर दोन नंबरला आवाज नुसता बारीक नाही तर सर्दी झालेल्या माणसासारखा, नाकात, बेस सगळा गायब. याला आउट ऑफ फेज म्हणतात, एक पिकअप ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले की हे होण्याची शक्यता निम्मी धरा, कारण चुंबकाची वरची बाजू कुठली आणि कॉइल कुठल्या दिशेने गुंडाळलेली हे प्रत्येकाचं आपापलं असतं. साध्या सिंगल कॉइलमध्ये उपाय सोपा आहे, एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, बस. पण टेलीच्या नेकसारखं धातूचं कव्हर असेल तर आधी कव्हरची ग्राउंड वायर वेगळी करावी लागते, नाहीतर कव्हरमध्येच सिग्नल येऊन बसतो आणि हात लागला की घुंई. म्हणून माझं मत, तीनही पिकअप एकाच सेटमधले घ्या, एकेक वेचून 'ड्रीम सेट' बनवायचा नाद त्यांनीच करावा ज्यांना सोल्डरिंग करायला आवडतं.

सोल्डरिंगवरून आठवलं, माझ्या हातून एक पिकअप मेलाय. जुन्या पद्धतीच्या बॉबिनमध्ये (कॉइलच्या रिळात) कॉइल थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, मध्ये काही नाही, आणि मला वाटलं की जी (G) तारेखालचा खुंटा जरा जास्त वर आहे तर अंगठ्याने खाली दाबू. दाबला. कट् असा आवाजसुद्धा आला नाही, केसाएवढी तार आतल्या आत तुटली आणि मीटरवर अनंत रेझिस्टन्स. हे वाचून एकाचा जरी अंगठा थांबला तरी माझा पिकअप कारणी लागला म्हणेन.

मग आला नॉइझलेस, म्हणजे हम न करणारा. मित्राकडे एक सेट पडून होता, म्हणाला लावून बघ, आवडला तर ठेव. सिंगल कॉइलचा हम हा जुना रोग आहे, कॉइल म्हणजे अँटेनाच की, घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ, काही देशांत ६०, ते आणि त्याचे वरचे पडसाद सगळे ती गोळा करते. यावरच उपाय म्हणून गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने हमबकर केला, पेटंटचा अर्ज १९५५ चा आणि गिटारींवर आला १९५७ ला, दोन कॉइल शेजारी शेजारी आणि उलट्या, तारेचा सिग्नल जोडला जातो आणि हम एकमेकांना खातो. नॉइझलेस सिंगल कॉइल बहुतेक याच तत्त्वावर, फक्त शेजारी ठेवायला जागा नाही म्हणून एकावर एक रचतात, स्टॅक. फेंडरचे स्वतःचे आहेत, डिमार्झिओची एरिया मालिका आहे, लेस सेन्सर वेगळ्याच बांधणीचे आहेत आणि ते फेंडरने १९८७ च्या स्ट्रॅट प्लसवर दिले होते. फिशमनचे फ्लुएन्स म्हणजे ॲक्टिव्ह, त्यांना वीज लागते, बॅटरीची जागा बघून ठेवा.

माझ्याकडच्या सेटचं नाव घेत नाही, जुना आणि वापरलेला होता, त्यामुळे त्याच्यावरून कंपनीचा न्याय करणं बरोबर नाही. शांतता मात्र अशी की पहिल्यांदा वाटलं केबलच लावली नाही. गेन (अँपचा आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) वाढवला तरी शांत, कॉम्प्युटर शेजारी तरी शांत. आणि आवाज? नव्वद टक्के स्ट्रॅट. दहा टक्के काहीतरी काचेपलीकडून ऐकल्यासारखं, पिक लागतो त्या क्षणाची धार थोडी बोथट. बँडबरोबर वाजवताना हा फरक कुणाच्या बापाला कळणार नाही, मलाही नाही. रात्री एकटं बसून हळू आवाजात वाजवताना मात्र कळत होता, आणि मी मुख्यतः तसंच वाजवतो. त्यामुळे परत दिला. पण ज्यांना स्टेजवर डिमरच्या लाइटखाली उभं राहायचंय, किंवा गेन भरपूर लागतो, किंवा रेकॉर्डिंग मॉनिटरच्या समोर बसूनच करायचंय, त्यांनी माझ्यासारख्या हळव्यांचं ऐकू नका, सरळ नॉइझलेस घ्या.

एवढं सगळं झाल्यावर मग एसएसएल-१. हा अगदी जुन्या धाटणीचा, अल्निको ५ चे खुंटे, खालीवर उंचीचे, आउटपुट माफक. माझ्या मीटरवर तिन्ही साडेसहाच्या आसपास, आणि हो, मोजले, सवय लगेच जात नाही.

घेताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. मिडल पिकअप आरडब्ल्यूआरपी आहे ना. म्हणजे गुंडाळणी उलटी आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. तो तसा असेल तर दोन आणि चार नंबरच्या पोझिशनला दोन पिकअप मिळून हमबकरसारखं काम करतात आणि हम गायब होतो, फुकटात. तीन सुटे सुटे मागवले आणि हा प्रकार सांगितला नाही तर तीनही सारखेच हातात येतील, आवाज ठीक येईल पण हम पाचही पोझिशनला. मी सांगायला विसरत होतो, शेवटच्या क्षणी आठवलं. घरी तपासायचं असेल तर साधं होकायंत्र पुरतं, तिन्ही पिकअपवर धरा, मिडलवर सुई उलटी फिरली की समजा जमलं.

आणि गंमत म्हणजे या दोन-चार नंबरच्या पोझिशन मुळात ठरवून दिलेल्याच नव्हत्या. १९५४ ला स्ट्रॅट आली तेव्हा स्विच तीनच पोझिशनचा, वाजवणाऱ्यांनी तो मध्येच अडकवून ठेवायची युक्ती शोधली आणि फेंडरने पाच पोझिशनचा स्विच द्यायला १९७७ साल उजाडलं. जगातला अर्धा फंक आणि सगळा गोडगोड क्लीन रिदम या अडकवलेल्या स्विचवर उभा आहे असं मी म्हणेन, थोडं वाढवून.

आता आवाज. चार नंबर, नेक आणि मिडल, इथेच सेट पैसे वसूल करतो. कॉर्ड मोकळी मोकळी, प्रत्येक तार आपली आपली, हलकं कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी करणारं पेडल) लावलं की टपोरे थेंब पडल्यासारखं. दोन नंबर जास्त खवट आणि टणक, रिदमला बँडमध्ये मस्त कापत जातो. एकटा नेक म्हणजे घंटेसारखा, गोल पण गढूळ नाही, खालची ई (सगळ्यात जाड) तार वाजवली तरी सूर स्पष्ट. अँप फाटायच्या काठावर ठेवायचा, हळू वाजवलं की क्लीन, जोरात मारलं की करकर, आणि वॉल्यूम सातवर आणला की पुन्हा स्वच्छ. हॉट पिकअपवर हा खेळ मला कधीच जमला नव्हता. फझ पेडल (आवाज भरपूर फाडणारं) लावून वॉल्यूम मागे घेऊन बघा, वेगळीच गिटार वाजते.

एकटा मिडल कुणी वापरत नाही, मीही नव्हतो वापरत. आता वापरतो, गाण्याच्या मागे कॉर्ड धरायला याच्याइतका आडवा न येणारा आवाज नाही. बस, मिडलबद्दल एवढंच.

ब्रिज. इथे लोक या सेटला नावं ठेवतात आणि पहिल्या दिवशी मीही ठेवली. जुन्या स्ट्रॅटच्या वायरिंगमध्ये दोन टोन नॉब, एक नेकला, एक मिडलला, आणि ब्रिजला काहीच नाही! म्हणजे ज्या पिकअपला ट्रेबल कापायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच नॉब नाही. ब्रिजजवळ तार मुळातच कमी हलते, बेस कमी, त्यात माफक आउटपुटचा पिकअप, मग तो कानात सुई घालणारच. मी काय केलं तर मिडलच्या टोनची एक वायर स्विचवर ब्रिजला नेली, एक छोटा जंपर, पाच मिनिटांचं काम. टोन सातवर ठेवला आणि तोच पिकअप माणसात आला. टेलीसारखा खणखणीत, पण टोचत नाही. टेलीच्या ब्रिज पिकअपखाली धातूची प्लेट असते, त्यानेही आवाजाला थोडं अंग येतं, स्ट्रॅटच्या ब्रिजखाली तशी प्लेट लावणारे लोक आहेत, मला जंपरनेच भागलं. तर 'सिंगल कॉइलचा ब्रिज वाजवण्यासारखा नसतो' म्हणणाऱ्यांनी आधी ही एक वायर जोडून बघावी आणि मग बोलावं.

उंचीचं पुराण. हे मी सगळ्यात शेवटी शिकलो. लावल्यावर उत्साहात पिकअप वर चढवले, जवळ म्हणजे जास्त आवाज. मग नेकच्या वरच्या भागात खालची ई वाजवली की सूर डुलायला लागला, एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखे, ट्यूनरची सुई नाचतेय. तीन दिवस मी ब्रिजचे सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) पुढेमागे करत बसलो, गिटारच्या नेकला शिव्या दिल्या, नाचता येईना अंगण वाकडं. प्रकार काय तर अल्निको ५ चे खुंटे जोरदार चुंबक, जवळ गेले की तारेलाच ओढतात, तिला नीट हलू देत नाहीत. दीड-दोन फेरे स्क्रू खाली केला, आजार गेला, वर आवाज मोकळा झाला ते वेगळंच. जुन्या धाटणीच्या पिकअपला फेंडरचं माप असं की शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड ईच्या बाजूला २.४ मिलिमीटर आणि बारीक ईच्या बाजूला २ मिलिमीटर अंतर. तिथून सुरुवात करा आणि मग कानाने, नेक थोडा आणखी खाली, ब्रिज थोडा वर, तिन्हींचा आवाज स्विच फिरवताना साधारण सारखा येईपर्यंत. यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास कुठल्याही नव्या सेटपेक्षा जास्त फरक पाडतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आता तक्रार. खुंटे खालीवर असतात त्याचं कारण जुनं आहे. १९५४ च्या काळात जी (G) तार वरून बारीक तार गुंडाळलेली यायची, तिचा आवाज कमी म्हणून तिचा खुंटा उंच, आणि बोटपट्टीही (फिंगरबोर्ड) जास्त गोल, ७.२५ इंच रेडियसची. आता बहुतेक आपण साधी, न गुंडाळलेली जी (G) तार लावतो, तिचा आवाज आधीच मोठा, आणि बोटपट्ट्या सपाट झाल्यात, साडेनऊ किंवा बारा इंच. मग होतं काय तर जी तार मध्येच ओरडते आणि बी जरा लाजते. माझ्याकडे नेक पिकअपवर हे जाणवतं, त्रास होईल इतकं नाही पण एकदा लक्षात आलं की मग सारखं ऐकू येतं. याच सेटचा सपाट खुंट्यांचा भाऊ एसएसएल-२ आहे, सपाट बोटपट्टीवाल्यांनी तो बघावा, पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तोच घेईन बहुतेक. हेंड्रिक्सने उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरली तेव्हा हे खुंटे पण उलटे झाले आणि ब्रिजचा तिरकेपणाही, म्हणजे 'बरोबर' उंची वगैरे फार मनावर घ्यायचं कारण नाही.

हम? करतो. एक, तीन आणि पाच नंबरला, म्हणजे एकच पिकअप वाजतो तिथे, करतो. आत तांब्याची पट्टी चिकटवून शील्डिंग केलं, त्याने वरची करकर, ती ट्यूबलाइटची खरखर, बरीच कमी झाली. पण खालचा घुंई हम तसाच, कारण तो चुंबकीय आहे, ट्रान्सफॉर्मर वगैरेंकडून येतो आणि तांब्याच्या पातळ पट्टीला जुमानत नाही. शील्डिंगने सगळा हम जाईल असं कुणी सांगत असेल तर अर्धंच ऐका. दिशेने मात्र फरक पडतो, अँपकडे तोंड करून हम आणि नव्वद अंशात वळलं की जवळजवळ शांत, त्यामुळे मी रेकॉर्डिंग करताना आता भिंतीकडे तोंड करून बसतो, शिक्षा झाल्यासारखा.

दोन बारीक गोष्टी ज्यांचं श्रेय किंवा दोष लोक पिकअपला देतात. एक, पॉट, म्हणजे वॉल्यूम आणि टोन नॉबखालचा पोटेन्शिओमीटर. सिंगल कॉइलला २५० किलोओमचे पॉट असतात, हमबकरला ५००. कुणी आधीच्या मालकाने ५०० टाकले असतील तर कुठलाही सिंगल कॉइल टोचेल, पिकअप बदलायच्या आधी पॉटवरचा आकडा वाचा. दुसरी, केबल. एका मीटरला साधारण १०० पिकोफॅराड धरा, तीन मीटरची केबल काढून सहाची लावली की तो रेझोनन्सचा उंचवटा खाली सरकतो आणि आवाज मऊ होतो. मी मुद्दाम लावून बघितलं, आणि खरं सांगू का, ब्रिजला लांब केबल मला जास्त आवडली. म्हणजे टोचणाऱ्या पिकअपचं औषध कधी कधी फक्त लांब वायर असतं.

दुसरं काय घेता येईल? थोडा जास्त जोर हवा पण स्ट्रॅटपणा सोडायचा नाही त्यांच्यासाठी फेंडरचे टेक्सास स्पेशल आहेत, वेढे थोडे जास्त, मधला भाग जरा पुढे. खराखुरा हॉट ब्रिज हवा तर डंकनचाच एसएसएल-५, तो बारा-तेरा किलोओमच्या घरात जातो, पण आता तुम्हाला माहितीये तो आकडा काय देतो आणि काय घेतो. मऊ पिक अटॅक आवडत असेल तर अल्निको २ किंवा ३ वाले शोधा, त्यांचं चुंबक कमी ओढतं. आणि इथेही नंबरला फसू नका, अल्निको ३ हा २ पेक्षा कमजोर असतो, तो नंबर ताकदीचा नाहीच, कृतीचा आहे. पी-९० पण सिंगल कॉइलच बरं का, गिब्सनचा १९४६ चा, रुंद कॉइल, दहा हजारांच्या आसपास वेढे, गुरगुरणारा मधला आवाज. मला भयंकर आवडतो पण स्ट्रॅटच्या खाचेत मावत नाही, लाकूड कोरावं लागतं, आणि चांगल्या गिटारला पटाशी लावायचं धाडस माझ्यात नाही.

आठ महिन्यांनंतर मी सेटला पाचात साडेचार देतो, अर्धा त्या जी तारेचा कापला. हमचा कापला नाही, तो माहीत असूनच घेतला होता.

आता ते सिरॅमिकचं. गेल्या महिन्यात मित्राच्या गिटारमधला एक पिकअप बंद पडला, त्याला तात्पुरते म्हणून माझे ते काढून ठेवलेले मूळचे सिरॅमिक पिकअप दिले. बसवताना सवयीने उंची मोजून लावली, ब्रिजला टोन जोडून दिला, दोन्ही मी ते माझ्या गिटारमध्ये असताना कधी केलंच नव्हतं. त्याने अँपला लावून पहिली कॉर्ड मारली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. एसएसएल-१ इतका मोकळा नाही, वरची झगमग जरा खरबरीत, पण चिरका? अजिबात नाही. नेक झोपलेला? तोही नाही. मी काही बोललो नाही. तात्पुरते म्हणून नेलेले पिकअप त्याने अजून परत दिलेले नाहीत, आणि नवीन सेट कुठला घेऊ असं विचारायचंही त्याने बंद केलंय.